कोर्ट मार्शलची कारवाई: जवानाच्या कुटुंबाने काय समजून घ्यावे

घरच्या माणसावर कोर्ट मार्शल होणार असे कानावर आले की कुटुंब थेट शिक्षेचाच विचार करू लागते; पण आधी प्रकरण नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्याच्याकडून जाणून घ्यावे. पुढील माहिती १९५० चा आर्मी ॲक्ट आणि १९५४ चे आर्मी रूल्स यांवर आधारलेली असून ती भूदलापुरती आहे, कारण नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे खटला नव्हे, ती घटनेची प्राथमिक चौकशी असते. तिथे ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर ठपका येऊ शकतो, त्याला नियम १८० नुसार चौकशीत पूर्ण वेळ हजर राहण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळाली पाहिजे. त्यानंतर कमांडिंग ऑफिसरसमोर (युनिटच्या प्रमुखासमोर) आरोपाची सुनावणी होते, आणि मग समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षीपुराव्यांची लेखी नोंद, केली जाते. माझ्या मते कुटुंबाने सर्वाधिक लक्ष द्यावे ते इथे. प्रत्येक साक्ष लिहून घेतली जाते आणि आरोपीला उलटतपासणी करायची आहे का, असे विचारले जाते. त्याने नाही म्हटले तर ‘नकार दिला’ अशी नोंद कागदावर कायमची राहते. शेवटी त्यालाही निवेदन करायचे आहे का, असे विचारतात, मात्र काहीही बोलण्याची सक्ती नाही आणि जे बोलेल ते पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते, हे त्याला आधी सांगावेच लागते. म्हणून या टप्प्याआधीच लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. घाबरून केलेले निवेदन पुढे निस्तरणे फार कठीण जाते.

खुद्द कोर्ट मार्शलचे प्रकार वेगवेगळे आहेत. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग ऑफिसर स्वतः चालवतात आणि तिथे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या समरी कोर्ट मार्शलमध्ये मदतीला बसलेला वकील आरोपीला प्रश्न सुचवू शकतो, पण स्वतः साक्षीदाराला विचारू शकत नाही. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलपूर्वी आरोप कळवल्यापासून सुनावणी सुरू होईपर्यंत किमान ९६ तास (ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेसारख्या सेवेत असताना, २४ तास) मिळायला हवेत, आणि मंडळातील एखाद्या अधिकाऱ्याबद्दल पूर्वग्रहाची रास्त शंका असेल तर कलम १३० खाली सुरुवातीलाच हरकत घेता येते.

निकाल जाहीर झाला तरी जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलची शिक्षा सक्षम अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय वैध ठरत नाही. कलम १६४ नुसार त्याआधी आणि त्यानंतरही अर्ज करता येतो. पुढे २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपील जाते. त्यासाठी कारवाईच्या संपूर्ण नोंदींची प्रत लागते, आणि ती मिळावी असा लेखी अर्ज आरोपीने लगेच करून त्याची पोच घरी पाठवावी.