ऑनर्सचं चौथं वर्ष घ्यायचं की तिसऱ्यावर थांबायचं?

आधी एक घोळ मिटवू. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. ऑनर्स (कृषी) ही पदवी मुळातच चार वर्षांची आहे, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. इंजिनिअरिंगमधलं ऑनर्स म्हणजे त्याच चार वर्षांत 18 ते 20 जादा क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप). इथे बोलायचंय ते बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या चौथ्या वर्षाबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. त्यानुसार तीन वर्षांनी 120 ते 132 क्रेडिटवर साधी पदवी मिळते आणि चार वर्षांनी 160 ते 176 क्रेडिटवर ऑनर्स.

एक वर्ष जास्त जातं, हा समज अर्धाच खरा. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांची, ऑनर्सनंतर एकच वर्षाची. दोन्ही वाटांनी पाचच वर्षं. म्हणजे खरा प्रश्न एवढाच: चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात काढायचं की पदव्युत्तरच्या वर्गात, कदाचित गाव सोडून? यातून पदव्युत्तर करायचंच नाही असं ठरलं असेल, तर बहुतेकांनी तिसऱ्यावर थांबावं. एमपीएससी, यूपीएससीला, बहुतेक बँक परीक्षांना, एमबीएला तीन वर्षांची पदवी पुरते. तिथे ऑनर्सचं वजन पडत नाही.

चौथं वर्ष कामाचं कुणाला? पीएच.डी.कडे जायचंय त्याला. 2022 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील, तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्रता येते. राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. परदेशात जाणाऱ्यांपैकी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, तिथेही उपयोग होतो.

ऑनर्स दोन प्रकारचं

एक नुसतं ऑनर्स, त्यात जास्तीचे विषय. दुसरं संशोधनासह ऑनर्स, त्यात 12 क्रेडिटचा प्रबंध. या दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि इथेच मुलं अडकतात, कारण पहिल्या वर्षाचे कमी गुण शेवटपर्यंत मागे ओढतात. हिशेब असा: सगळ्या सत्रांची क्रेडिट सारखी धरली आणि चार सत्रांचा सरासरी सीजीपीए (दहापैकी मिळणारी ग्रेडची सरासरी) 7.1 असला, तर सहा सत्रांना 7.5 गाठायला उरलेल्या दोन सत्रांत सरासरी 8.3 लागतात. म्हणून हा विचार तिसऱ्या सत्रातच सुरू करावा. सहाव्याचा निकाल लागल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. ग्रेडचे टक्के कसे काढतात, ते परीक्षा विभागात विचारून घ्या. 7.5 म्हणजे 75 असं मनाशी धरून चालू नका.

कॉलेजात काय विचारायचं

संशोधनासह ऑनर्स चालवायला त्या विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, असं यूजीसीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. छोट्या तालुक्याच्या कॉलेजात काही विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात, तिथे ही अट भागणं कठीण. त्यामुळे विभागप्रमुखांना सरळ विचारा: आपल्या मेजर (मुख्य) विषयाला चौथ्या वर्षाची मान्यता आली आहे का? मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे किती जागा? "प्रस्ताव पाठवलाय" असं उत्तर आलं तर मान्यता नाही असंच धरा. आणि सर्वात महत्त्वाचं, एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्या विषयात कुठे मिळतो? तो मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात नसेल आणि मुंबईलाच जावं लागणार असेल, तर घरी राहून वाचवलेला खर्च पुढच्या वर्षी निघून जाईल. तेव्हा दोन्ही वाटांचा पाच वर्षांचा पूर्ण खर्च मांडा: फी, एसटीचा पास किंवा खोलीचं भाडं, खानावळ. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती चौथ्या वर्षाला लागू होते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा.

प्रबंधाचा विषय आणि पाऊस

प्रात्यक्षिकाच्या मापाने एक क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणजे प्रबंधाला 360 तास. कोकणात हे तास पावसाच्या कलाने काढावे लागतात. सातवं सत्र जूनच्या आसपास सुरू होतं. मासेमारीवर विषय घेतला, तर 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारलेल्या असतात. खलाशांना निवांत भेटायचं असेल तर हा काळ बरा, पण मासळीची आकडेवारी हवी असेल तर दोन महिने फुकट. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) वनस्पती नेमक्या उलट: फुलोरा पावसातच येतो, दिवाळीनंतर गेलात तर वाळकं गवत. कातळशिल्पांसाठी मात्र तेच दिवस चांगले, गवत वाळलेलं आणि कातळ कोरडा. हापूसच्या फळाचा विषय घेणाऱ्याची वेगळीच पंचाईत: फळ मार्च ते मे आणि प्रबंध जमा करायचा त्याच सुमारास. विषय मे महिन्यात ठरवा, मार्गदर्शकाशी बोला, पहिली फेरी कॉलेज उघडण्याआधी मारून घ्या.

अर्जाआधी

डिजिलॉकरमधून शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातं उघडून पाहा. सहाही सत्रांची क्रेडिट जमा दिसली पाहिजेत. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असलं (वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग बदललेलं) तर क्रेडिट खात्याला जोडताना अडतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम पाचव्या सत्रातच उरका.

निर्णय पक्का नसेल तर चौथ्या वर्षाचा आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तरचा, असे दोन्ही अर्ज भरून ठेवा. कॉलेजातून टीसी मात्र पदव्युत्तरच्या यादीत नाव लागेपर्यंत काढू नका. एकदा काढली की चौथ्या वर्षाला पुन्हा नव्याने प्रवेश घेण्याची खटपट मागे लागते.