पगमिलचे लायनर वेल्डऐवजी बोल्टवर

अंबडच्या वर्कशॉपात हॉटमिक्स प्लांटची, म्हणजे रस्त्याचं गरम डांबर-मिश्रण बनवणाऱ्या यंत्राची, पगमिल दुरुस्तीला आली. पगमिल म्हणजे खडी आणि डांबर घुसळायची पेटी. नाशिककडची खडी काळ्या बेसाल्टची. ती डांबरासोबत १५०-१६० अंशांवर घुसळली की लायनर (पेटीचं आतलं अस्तर), पॅडल (घुसळणारी पाती) झिजणारच. खरी कटकट वेगळीच होती. लायनर पत्र्याला थेट वेल्ड केलेले! दर वेळी गॅस कटरने कापा, मूळ पत्रा वाकवा, पुन्हा ठोकून सरळ करा.

मी नाय-हार्डच्या (निकेल-क्रोमियम मिसळलेल्या कठीण बिडाच्या) लहान फरशा लायनर म्हणून बसवल्या. बोल्टचं डोकं फरशीत बुडालेलं, नट बाहेरून. भोकं दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, म्हणजे एक कड झिजली की अर्धा फेरा फिरवून तीच फरशी पुन्हा लावता येते. नाय-हार्डला ड्रिल दाद देत नाही, भोकं ओततानाच ठेवून घ्यावीत. वजन एवढंच की एकटा फिटर ती झाकणातून आत नेऊ शकेल.

पॅडलचं टोकही दांड्यापासून सुटं केलं, भोकं लांबट. झिजेल तसं पुढे सरकवायचं. टोक आणि लायनरमधली फट मी मोठ्यात मोठ्या खडीच्या निम्म्याहून कमी ठेवतो, नाहीतर खडी अडकते, चिरडते आणि पॅडल फिरवणारा शाफ्ट हिसके देतो.

बाहेरच्या नटांवर टोप्या मात्र घालाच. डांबर-धूळ बसली की पाना लागत नाही.