रात्रीतून बॅटरी उतरते? फ्यूज न काढता गळती शोधा

रात्री ठीक असलेली गाडी सकाळी सुरूच होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी निगेटिव्ह केबल काढून रात्रभर ठेवा. सकाळी साधारण 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी बहुधा ठीक आहे, गाडीतच काहीतरी वीज खातंय. बरंच घसरलं तर दोष बॅटरीचाच. गाडीतच वीजगळती असेल तर केबल परत जोडून पुढे जा:

1. फ्यूजबॉक्स उघडा. गाडीचं दार उघडंच ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. लॉक करा, चावी लांब ठेवा.
2. अर्धा-पाऊण तास थांबा. ही पायरी टाळू नका, गाडीतले कंट्रोलर (छोटे इलेक्ट्रॉनिक संगणक) झोपायला वेळ घेतात.
3. मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांना टोकं टेकवा. शून्य म्हणजे करंट नाही, आकडा दिसला की तिथून वीज जातेय.

फ्यूज उपटून बघितलं तर परत बसवताना कंट्रोलर जागे होतात आणि सगळं मोजमाप फसतं, म्हणून हीच पद्धत मला खात्रीची वाटते. घड्याळ, अलार्म यांचा किरकोळ आकडा चालतो. मीटर 0.1 मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळं करा, नाहीतर ते आपटून तुटेल.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील तर अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, तपासून घ्या.