नेटवर्क पोर्टच्या चाचणीला जाण्यापूर्वी

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेला राउटर किंवा स्विच सिस्पर ३२ या, उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युत गोंगाटावर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीला नेण्याआधी, ग्राहक त्याच्या पोर्टला कोणत्या कॅटेगरीची (कॅट ५, कॅट ६ अशा दर्जाची) केबल लावणार आहे, हे सर्वांत आधी निश्चित करावे. लॅन केबलच्या प्रत्येक जोडीतील दोन तारांमधून सिग्नल विरुद्ध दिशांनी वाहतो आणि त्यांचा बाहेरचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो. मात्र हा तोल किंचित जरी ढळला, तरी सिग्नलचा काही अंश कॉमन मोडमध्ये उतरतो, म्हणजे दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहू लागतो, आणि संपूर्ण केबल अँटेनासारखी वागू लागते. उपकरणाच्या आतील गोंगाटही याच वाटेने बाहेर पडतो. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजायचे असते ते हेच. म्हणूनच एएएन, म्हणजे हा गोंगाट मोजण्यासाठी केबलच्या वाटेत जोडायचे जाळे, ज्याला अनेक जण अजूनही आयएसएन म्हणतात, केबलच्या कॅटेगरीनुसार निवडावे लागते. कॅट ५ वर चालणाऱ्या उपकरणाला कॅट ६ चे एएएन लावले, तर आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतात, आणि अशा निकालावर माल विकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शील्ड (धातूचे आवरण) असलेल्या केबलची मांडणी वेगळी असते, तेव्हा ती प्रयोगशाळेला आधीच कळवावी.

एएएन जमिनीच्या धातूच्या पत्र्याला रुंद आणि आखूड पट्टीने जोडलेले असावे, आणि उपकरण त्याच्यापासून ८० सेंटिमीटर अंतरावर ठेवावे. लिंक नुसती जोडून ठेवणे पुरेसे नाही. पोर्टवर डेटाची वाहतूक सतत चालू राहील असा प्रोग्राम सोबत न्यावा आणि तो कार्यालयात आधी चालवून पाहावा. उपकरण क्लास बी मध्ये, म्हणजे घरगुती वापराच्या वर्गात, मोडत असेल, तर ०.५ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये क्वासी-पीकसाठी (वारंवार येणाऱ्या टोकांना अधिक वजन देणाऱ्या मापासाठी) ७४ आणि सरासरीसाठी ६४ डेसिबल मायक्रोव्होल्ट या मर्यादा टिपून ठेवाव्यात.

घरच्या घरी पूर्वचाचणी करताना उपकरण बंद ठेवून पहिली फेरी अवश्य घ्यावी. शील्डेड खोली नसेल, तर आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण केबलवर उतरू शकते आणि तो टोकदार उंचवटा आपल्याच राउटरचा दोष समजला जाऊ शकतो. वैशाखात कूलर बंद करणे जिवावर येते, तरीही त्यांचा गोंगाट मोजमापात मिसळू नये म्हणून तेवढ्यापुरता तो आणि त्याचा रेग्युलेटर बंदच ठेवावा. ग्राहकाला डब्यात जो वीजपुरवठ्याचा ॲडॅप्टर मिळणार आहे, नेमका तोच प्रयोगशाळेत न्यावा.