मुद्रितशोधनाचे न दिसणारे काम : दर सांगताना आणि बिल देताना या चुका टाळा

पुस्तक वाचून मिटताना मुद्रितशोधकाची, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्याची, आठवण कोणालाही येत नाही, आणि काम नीट झाले असेल तर ती येऊही नये. अडचण अशी की ज्याने या कामाचे पैसे द्यायचे, त्या प्रकाशकाच्या हातीही शेवटी केवळ स्वच्छ पाने येतात आणि मूळ मजकूर कसा होता हे तोवर तो विसरून गेलेला असतो. या क्षेत्रात नव्याने आलेले अनेक जण ‘एवढे राबूनही किंमत नाही’ असे सांगतात, तेव्हा मी त्यांचे काम पाहायला मागतो. काम बहुधा उत्तम असते. पण नेमके काय केले याची नोंद कोठेही सापडत नाही.

फक्त स्वच्छ प्रत पाठवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. एका ऐतिहासिक कादंबरीचे मुद्रितशोधन करून मी एकच फाइल पाठवली, आणि ‘फारसे काही बदललेले दिसत नाही’ असे म्हणून प्रकाशकाने बिल निम्मे केले. तो खोटे बोलत नव्हता. त्याने सुरुवातीची चार-पाच पाने उघडून पाहिली होती, आणि ती पाने लेखकाने दहा वेळा घासूनपुसून लिहिलेली होती. पुढे एका पत्राच्या मथळ्यावर ‘शके १६७४’ असे छापले जाणार होते. लेखकाला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्ष अभिप्रेत होते. पण इसवी सन १६७४ म्हणजे शके १५९६. शकात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन येतो, त्यामुळे शके १६७४ म्हणजे थेट १७५२ साल झाले असते आणि महाराजांचे ते पत्र त्यांच्या निधनानंतर तब्बल ७२ वर्षांनी लिहिले गेले असते. कोणत्याही शुद्धलेखन-तपासनीसाला यात काही वावगे दिसणार नाही, कारण आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नसते. मी तो आकडा मुकाट्याने दुरुस्त केला आणि त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

तेव्हापासून मी दोन फाइली देतो: एक ‘ट्रॅक चेंजेस’ (प्रत्येक बदल मजकुरातच दिसत राहील अशी सोय) चालू ठेवून केलेली आणि एक स्वच्छ. सोबत एका पानाचे नोंदपत्र जोडतो. त्यात सगळ्या दुरुस्त्या नसतात. सुटल्या असत्या तर पुस्तकाला बाधा आली असती अशा सात-आठ जागा पानक्रमांकासह असतात. हे पान काम करता करताच भरावे. काम संपल्यावर आठवून लिहायला बसले की महत्त्वाच्या निम्म्या जागा निसटतात.

चुकांची संख्या सांगणे

‘एवढ्या हजार चुका काढल्या’ असे सांगण्याचा मोह होतो. त्याने लेखक दुखावतो, आणि ज्याचा मजकूर मुळातच चांगला आहे त्याच्या पुस्तकावर केलेले काम फुकटचे ठरते, हे त्याहून वाईट. निर्दोष पान वाचायलाही तितकेच लक्ष लागते. म्हणून मोजदाद टाळून चुकीचा प्रकार दाखवावा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, हे प्रकाशकाला ऐकून माहीत असते; पण त्यामुळे ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ जाऊन ‘सह्याद्रीच्या दर्या’ येतो, किंवा लग्नाच्या पंगतीतल्या ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ भात वाढायला बोलावले जाते, हे समोर ठेवले की बोलणे सोपे होते. ‘कामगार दिन’चा ‘कामगार दीन’ होणे याच जातीचे. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे यंत्र ते सोडून देते आणि अर्थ कळणाऱ्या माणसालाच तेथे थांबावे लागते.

कारण न देता दुरुस्ती करणे

लेखकाने ‘मंत्रीमंडळ’ लिहिले, आपण ‘मंत्रिमंडळ’ केले, आणि शेवटच्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या प्रतीत, त्याने पुन्हा ‘मंत्रीमंडळ’ केले, असा अनुभव प्रत्येकाला आहे. ‘मंत्री’ दीर्घ असताना समासात तो ऱ्हस्व का होतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठी लेखनाचे नियम एकूण १८ आहेत: १९६२चे १४ आणि १९७२मध्ये वाढवलेले ४. इतक्या थोड्या नियमांतून लागणारा नियम दाखवायला एक वाक्य पुरते. तेवढे नोंदपत्रात एकदाच लिहिले की पुढचा वाद मिटतो आणि आपली दुरुस्ती लहरीने केलेली नाही हेही कळते.

कष्ट सांगणे, परिणाम न सांगणे

‘दोन रात्री जागून केले’ हे खरे असले तरी त्यावरून प्रकाशकाला काही ठरवता येत नाही. उलट आपला वेग कमी आहे असे त्याला वाटू शकते. त्याला कळणारी भाषा फॉर्म्याची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाची, आहे. छपाई झाल्यावर एका पानावर गंभीर चूक निघाली, तर १६ पानांचा अख्खा फॉर्मा पुन्हा छापावा लागतो किंवा प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावे लागते. शकाची ती एक चूक कोणत्या फॉर्म्यात होती एवढे सांगितले की कागद, छपाई आणि बांधणीचा हिशेब तो स्वतःच मनात करतो.

मजकूर न पाहता दर सांगणे

‘नुसती एकदा नजर घाला’ या विनंतीला होकार देताना मधली दहा पाने अवश्य मागून घ्यावीत. पहिली पाने मागू नयेत, त्याचे कारण वर आलेच आहे. त्या दहा पानांचे काम करून दाखवावे, लागलेला वेळ लिहावा आणि मगच दर सांगावा.

न मागितलेली कामेही आपल्याकडून होतात: विशेषनामे सर्वत्र एकसारखी करणे, तळटिपांचे क्रमांक जुळवणे, अनुक्रमणिकेतील पानक्रमांक प्रत्यक्ष पानांशी ताडून पाहणे. ही कामे प्रेमाने करावीत, मात्र बिलात त्यांची वेगळी ओळ असावी, नेहमीचा दर लिहावा आणि पुढे ‘या वेळी आकारलेला नाही’ असे नोंदवावे. कोरी सोडलेली ओळ पुढच्या पुस्तकात गृहीत धरली जाते.

प्रकाशकांनाही एक मनापासून सांगणे आहे. बिल हातात घेऊन स्वच्छ प्रत चाळण्यापेक्षा मूळ मजकुराचे मधले एक पान काढावे, ते स्वच्छ प्रतीतल्या त्याच पानाशेजारी ठेवावे आणि दोन्ही मोठ्याने वाचावीत. दहा मिनिटांचे काम आहे.

श्रेयपानावर नाव हवे असेल तर तेही दर ठरतानाच मागावे. शेवटचे प्रुफ परत गेले की ते पान बहुधा जुळून तयार असते आणि एका ओळीसाठी ते कोणी उघडत नाही. ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे आपले नाव कसे लिहायचे ते स्वतः लिहून द्यावे, आणि त्या पानाचे प्रूफ आपल्याकडे येईल एवढे पाहावे.