बुलेटच्या फोर्कचा स्टड तुटलाय? आधी ड्रिल उचलू नका

जुन्या बुलेटला पुढच्या चाकाचा एक्सल (आस) फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, खालच्या टोकाला कॅप आणि स्टडवर (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) आवळलेला असतो, आणि माझा एक स्टड मीच लांब पाना लावून "अजून थोडं" करत कटकन तोडला. तर गाडी सेंटर स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, मग चाक काढा.

तुकडा बाहेर दिसतोय ना, मग नशीब चांगलंय. रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी हीट गनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा, ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं म्हणून पकड सुटते, आणि दोन नट एकमेकांवर घट्ट लॉक करून खालचा नट उलटा फिरवा. हळू, पुढे-मागे करत. ब्लोटॉर्च नको, वरती रबराचं ऑइल सील आहे, ते जळेल.

आतच तुटला असेल तर बरोब्बर मधोमध पंच मारून बारीक ड्रिल आणि मग ईझी-आऊट (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार). पण हा ईझी-आऊटच आत मोडला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, त्यामुळे हात बसला नसेल तर सरळ लेथवाल्याकडे जा, आटे गेले असतील तर तो हेलिकॉइलही (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून देईल.

नवा स्टड ८.८ ग्रेडचाच (जास्त ताकदीच्या पोलादाचा) घ्या, दारं-खिडक्यांचा बोल्ट कापून लावू नका. कॅप आवळताना सगळे नट आलटून पालटून, थोडे थोडे, आणि पाना छोटाच!