मर्चंट नेव्हीचे प्रशिक्षण घेताना या चुका टाळा

व्यापारी जहाजावरच्या नोकरीचे शिक्षण संस्थेच्या फाटकाबाहेर पडल्यावर संपत नाही. वर्गात मिळते ती निम्मी पात्रता. उरलेली निम्मी जहाजावर प्रत्यक्ष काम करून, म्हणजे 'सी टाइम' भरून मिळते. डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, अर्थात डीएनएस, किनाऱ्यावर एका वर्षात पूर्ण होतो. पण सेकंड मेटच्या, म्हणजे डेक ऑफिसरच्या पहिल्या, परीक्षेला बसण्याआधी त्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ उमेदवाराला, १८ महिने समुद्रावर काढावे लागतात. तीन वर्षांचा बीएस्सी नॉटिकल केलेल्याला हाच काळ १२ महिने लागतो. विद्यार्थी आणि पालक फी, वसतिगृह आणि गणवेश यांची चौकशी करतात, मात्र जहाज कोण देणार हे विचारत नाहीत. पुढे होणाऱ्या बहुतेक फसवणुकी आणि वाया जाणारी वर्षे याच एका न विचारलेल्या प्रश्नातून येतात.

मान्यता न तपासता प्रवेश

भारतात सागरी प्रशिक्षणाला मान्यता देते ते नौवहन महानिदेशालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले डीजी शिपिंग. त्याचे कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. मान्यता पूर्ण संस्थेला सरसकट मिळत नाही, ती एकेका कोर्सला मिळते. प्रत्येक कोर्सला किती विद्यार्थी घ्यायचे तेही ठरलेले असते. त्यामुळे 'आमची संस्था डीजी मान्यताप्राप्त आहे' हे वाक्य खरे असूनही तुम्हाला विकला जाणारा कोर्स मान्यतेबाहेरचा असू शकतो. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, पत्ता आणि नेमका कोर्स या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. शाखेचा पत्ता वेगळा असेल तर तिथेच थांबा. एका शहरातली मान्यता दुसऱ्या शहरातल्या वर्गाला लागू होत नाही.

'मरीन', 'शिपिंग', 'पोर्ट', 'लॉजिस्टिक्स' असे शब्द जोडलेले अनेक डिप्लोमा बाजारात आहेत. त्यांतले काही बंदरातल्या किंवा कार्यालयातल्या नोकरीला उपयोगीही पडतात. पण त्यांच्या जोरावर सीडीसी, म्हणजे खलाशाची सेवापुस्तिका, मिळत नाही आणि जहाजावर चढता येत नाही.

दुसरा गैरसमज बेसिक कोर्सेसबद्दल आहे. पीएसटी, एफपीएफएफ, ईएफए, पीएसएसआर आणि सुरक्षेचा एसटीएसडीएसडी हे छोटे कोर्स जहाजावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला करावे लागतात. समुद्रात जीव कसा वाचवावा, आग कशी विझवावी, प्रथमोपचार कसे करावेत हे त्यांत शिकवतात. हे सगळे सुरक्षेचे शिक्षण झाले, जहाजावर काम कोणते करायचे ते यात शिकवत नाहीत. 'पंधरा दिवसांत कोर्स करा, जहाजावर जा' अशी जाहिरात करणारे हा फरक मुद्दाम लपवतात.

रेटिंग आणि ऑफिसर यांतला गोंधळ

दहावीनंतर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स करणारा मुलगा डेकवर किंवा इंजिनरूममध्ये रेटिंग, म्हणजे ऑफिसरच्या हाताखालचा खलाशी, म्हणून काम सुरू करतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित असलेला मुलगा आयएमयू-सीईटी, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, देऊन डीएनएस, बीएस्सी किंवा चार वर्षांच्या बी.टेक. मरीनला जातो आणि पुढे ऑफिसर होतो. मेकॅनिकलचा पदवीधर साधारण वर्षभराच्या जीएमई, म्हणजे ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग, कोर्समधून इंजिनिअर होतो. रेटिंगमधून वर चढून ऑफिसर होता येते, पण त्याला बराच जास्त सी टाइम लागतो आणि अभ्यास नोकरी सांभाळून करावा लागतो. रेटिंगचे काम सन्मानाचे आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्पिढ्या ते निगुतीने केले आहे. वाईट इतकेच की बारावी सायन्सला चांगले गुण असलेल्या मुलाला कोणीतरी 'लवकर कमवायला लागशील' म्हणून रेटिंगमध्ये बसवतो आणि हा फरक त्याला दोन वर्षांनी समजतो.

फी आधी, वैद्यकीय तपासणी नंतर

हा क्रम उलटा करा. रंगांधळेपणा डेक आणि इंजिन या दोन्ही शाखांत अपात्र ठरवतो. त्याचे कारण सरळ आहे. रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखायची असते. इंजिनरूममध्ये पाइप आणि वायरींचे रंग वाचायचे असतात. लाल-हिरवा फरक न कळणे हा जन्मजात दोष आहे, व्यायामाने किंवा औषधाने तो जात नाही. अनेक मुलांना तो आपल्याला आहे हे इशिहाराच्या ठिपक्यांच्या पट्ट्या समोर येईपर्यंत माहीतच नसते. डेकसाठी चष्म्याशिवायची नजर जवळजवळ निर्दोष लागते, इंजिनला चष्म्याची मर्यादित सूट आहे. म्हणून सीईटीचा अर्ज भरण्याआधीच डीजी शिपिंगच्या यादीतल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. संस्थेने सुचवलेला डॉक्टर त्या यादीत आहे का, तेही बघा. आणि एखाद्याने 'डोळ्यांचे सर्टिफिकेट मॅनेज करतो' म्हटले तर त्याच्याकडे पाठ फिरवा. पुढे प्रत्येक कंपनी स्वतःची तपासणी करते आणि पकडले गेल्यावर फी परत मिळत नाही.

नावांचा घोळ

महाराष्ट्रातल्या मुलांना हा त्रास हमखास होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव आणि 'गिव्हन नेम' असे दोन वेगळे रकाने असतात. आधारवर कधी वडिलांचे नावच नसते. इंडोस क्रमांक (डीजी शिपिंग प्रत्येक खलाशाला देते तो ओळख क्रमांक), सीडीसी आणि प्रत्येक कोर्सचे प्रमाणपत्र यांवर नाव पासपोर्टप्रमाणे यायला हवे. एका ठिकाणी 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तात्रेय' असे स्पेलिंग असले की अर्ज परत येतो. म्हणून आधी गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांतले स्पेलिंग एक करा, त्यानंतरच इंडोसचा अर्ज भरा. उलट क्रमाने दुरुस्ती करायला गेले की प्रत्येक कागद नव्याने काढावा लागतो.

तरणतलाव आणि आगीच्या सरावातल्या चुका

प्रशिक्षण मन लावून घेणारी मुलेही इथे चुकतात. वर्गातली इतर कोणतीही चूक पुढे सुधारता येते, ही मात्र समुद्रात जीवावर बेतते.

लाइफजॅकेट घालून उडी मारताना हात मोकळे सोडू नका. पाण्यावर आपटताच जॅकेट वर झेपावते आणि हनुवटीला व मानेला जोराचा हिसका बसतो. एका हाताने नाक-तोंड बंद करायचे, दुसऱ्याने जॅकेट घट्ट खाली दाबून धरायचे, पाय जुळवायचे आणि नजर सरळ समोर ठेवायची. खाली बघितले की शरीर पुढे झुकते आणि माणूस तोंडावर आपटतो. जॅकेटची कसोटी ४.५ मीटर उंचीवरून ते धरून मारलेल्या उडीची असते. जहाजावरून त्याहून जास्त उंची असेल तर आधी शिडीने किंवा जाळीने खाली उतरायचे.

उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे फुगणारा जीवरक्षक तराफा, सरळ करताना मुले जिथे हात पोचेल तिथून ओढतात आणि दमतात. राफ्ट असा फिरवा की गॅसचा सिलिंडर वारा जातो त्या बाजूला येईल. सिलिंडरच्या कडेवर पाय रोवून उभे राहा, तळाचा पट्टा धरा आणि सगळे वजन मागे टाका. समोरची कड उचलली गेली की तिच्याखाली शिरणारा वारा उरलेले काम करतो. राफ्ट अंगावर येतो तेव्हा घाबरून पालथे पोहू नका, जॅकेट तुम्हाला तळाशी चिकटवून ठेवेल. पाठीवर राहा, हाताने कापड वर ढकलून श्वासाला जागा करा आणि पाठीवरच बाहेर सरका.

राफ्टच्या जोडणीतली चूक तर दिसतही नाही. जहाज बुडाले तर ४ मीटर खोल जाण्याच्या आत हायड्रोस्टॅटिक रिलीज राफ्टला मोकळे करते. मग पेंटर, म्हणजे राफ्टला जहाजाशी जोडणारा दोर, ताणून राफ्ट फुगतो आणि कमकुवत दुवा तुटून तो जहाजापासून सुटतो. पेंटर त्या दुव्याऐवजी थेट डेकच्या कडीला बांधला, तर फुगलेला राफ्ट जहाजाबरोबर खाली ओढला जातो. संस्थेतल्या नमुन्यावर ही जोडणी स्वतःच्या हातांनी सोडून पुन्हा जोडून बघा. नुसते चित्र पाठ करून ती लक्षात राहत नाही.

आगीच्या सरावात श्वसनसंच घालताना दाढी हा मोठा अडथळा आहे. दोन दिवसांचे खुंटही मास्कची कड चेहऱ्याला नीट बसू देत नाहीत आणि धूर आत येतो. मास्क लावल्यावर हवेची जोडणी तळहाताने बंद करून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, फुस्स आवाज आला तर पट्टे पुन्हा आवळा. त्यानंतर हिशेब करा. ६ लिटरच्या बाटलीत २०० बार दाब असेल तर १,२०० लिटर हवा होते. कष्टाच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर ती अर्धा तास पुरते. नियमाप्रमाणे २०० लिटर उरण्याच्या आधी संचाची इशाऱ्याची शिट्टी वाजायला हवी, पण ती ऐनवेळी वाजली तर हाताशी पाचच मिनिटे असतात. शिट्टीची वाट बघणारा आत अडकतो. आत जायला ५० बार लागले तर बाहेर यायला निदान तेवढेच लागणार, म्हणून दाबमापकाच्या काट्याकडे बघूनच परतायचे.

एजंट आणि पैसे

कोर्स संपत आला की 'जॉइनिंग करून देतो' म्हणणारे फोन सुरू होतात. जहाजावर भरती करणाऱ्या भारतीय कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे भरती आणि नेमणुकीचा, परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक, मुदत आणि पत्ता संकेतस्थळावर तपासा. फक्त लेटरहेडवर छापलेला क्रमांक कोणाचाही असू शकतो. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणे बेकायदा आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च खलाशाने करायचा. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. 'सिक्युरिटी डिपॉझिट' किंवा 'तिकिटाचे ॲडव्हान्स' या नावाने मागितलेले पैसे म्हणजे लाचच.

परदेशी झेंड्याची सीडीसी काढून पर्यटक व्हिसावर आखाती बंदरात पाठवणारे आणखी घातक. इराणसारख्या ठिकाणी पोचलेल्या मुलांकडे करार नसतो, विमा नसतो आणि झालेला सी टाइम भारतीय परीक्षेसाठी धरला जाईल याचीही शाश्वती नसते. निघण्याआधी सह्या असलेला करार, जहाजाचे नाव आणि आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, हातात नसेल तर विमानात बसू नका.

लसीचेही ध्यानात ठेवा. यलो फीव्हरची लस ठरलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होते. कंपनीचा फोन आल्यावर धावपळ केली तर जहाज हुकते.

जहाजावर गेल्यावरची नोंद

ट्रेनिंग रेकॉर्ड बुक शेवटच्या महिन्यात एका बैठकीत भरणारे कॅडेट तोंडी परीक्षेत पकडले जातात. एकाच शाईने लिहिलेली सगळी पाने आणि जहाज बंदरात असताना नोंदवलेली समुद्रावरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. दर आठवड्याला नोंद करा, प्रशिक्षण पाहणाऱ्या ऑफिसरची सही त्याच वेळी घ्या, कॅप्टनची सही आणि शिक्का महिन्याला घ्या.

साइन ऑफ होण्याच्या, म्हणजे काम संपवून जहाजावरून उतरण्याच्या, आदल्या दिवशीच सी सर्व्हिसचे पत्र मागा. त्यात जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, टनेज, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि इंजिन कॅडेटसाठी मुख्य इंजिनाची किलोवॅट शक्ती असावी. तारखा सीडीसीवरच्या शिक्क्यांशी तिथेच उभे राहून जुळवा. एका दिवसाचाही फरक असेल तर गँगवेवरून उतरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण तो कॅप्टन पुढच्या बंदरात दुसऱ्या जहाजावर गेला की त्याची सही मिळवायला महिने जातात.